बीपीची गोळी का सुटते, आणि ती पुन्हा रोजची कशी करायची

अण्णांच्या चंचीत सुपारी, कात, चुन्याची डबी आणि आतल्या कप्प्यात बीपीच्या चव्वेचाळीस गोळ्या सापडल्या. दवाखान्याच्या बाकावर बसून मी त्या एकेक करून मोजल्या. आत अण्णा झोपलेले, उजवा हात लुळा, जीभ जड. मी फार्मासिस्ट आहे. तालुक्याच्या गावी गेली एकोणीस वर्षं औषधांचं दुकान चालवते. दर महिन्याला अण्णांच्या गोळ्या मीच घरी नेत होते. रिकामी पाकिटं दिसत होती, म्हणजे गोळ्या पोटात जाताहेत असं मी धरून चालले.

बोलणं जरा सुधारल्यावर अण्णा म्हणाले, "पाय सुजायचे गं. चपलेचा अंगठा रुतायचा. तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळे घोट्यांना सूज येऊ शकते, हे मी काउंटरवर रोज कुणाला ना कुणाला सांगते. घरात मात्र विचारलं नव्हतं. तेव्हापासून गोळी सुटलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे मी नव्याने शिकले. तेच इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरात आई, वडील, सासूबाई, नवरा किंवा आपण स्वतः बीपीवर आहोत, त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट. आपण समजतो, माणसं गोळी विसरतात. विसरतातही, पण खरं नुकसान विसरण्याने होत नाही. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४,७८३ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला. गोळ्यांची डबी कधी उघडली, याची आपोआप नोंद होईल अशी सोय तिच्यात होती. जे औषध घेत होते त्यांचे रोजच्या डोसांपैकी साधारण १० टक्के चुकत होते. पण वर्षभरात जवळजवळ निम्म्या लोकांनी औषधच बंद केलं होतं. म्हणजे गोळी बहुतेक वेळा विसरली जात नाही, ती सोडली जाते. सोडणाऱ्याकडे कारण असतं आणि त्याच्या दृष्टीने ते पटण्यासारखं असतं. ते कारण कळल्याशिवाय मोबाइलवर गजर लावून काही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात सुमारे २२ कोटी प्रौढांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या १२ टक्क्यांच्या आसपास लोकांचाच तो आटोक्यात आहे. बाकीच्यांत अनेकांना आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नसतं, पण ज्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरी पाकीट पडून आहे, तेही त्यातच येतात.

पायरी १ : आधी मोजा, मग बोला

बिलं शोधा. ३ जुलैला तीस गोळ्या नेल्या आणि पुढच्या तीस १९ ऑगस्टला, तर सत्तेचाळीस दिवसांत तीस गोळ्या गेल्या. सतरा दिवस कोरडे. संशोधक साधारण ८० टक्के दिवस गोळी घेतली तर 'नियमित' म्हणतात, म्हणजे तीसांत चोवीस. माझं मत विचाराल तर चोवीसावर समाधान मानू नका, पण कुणी पंधरावरून चोवीसवर आलं तर त्यांचं कौतुक जरूर करा.

रिकामं पाकीट हा पुरावा नाही, हे मी शिकले आहे. आणखी तीन गोष्टी बघा. पाकिटात अर्ध्या तोडलेल्या गोळ्या आहेत का? महिना ओढून नेण्यासाठी कितीतरी आज्या गुपचूप अर्धी गोळी घेतात. दुसरं, तपासणीच्या आधी तीन-चार दिवसच गोळी नीट घेतली जाते का? तिसरं याच्या उलट आहे आणि माझ्या अनुभवात फार आढळतं. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून गोळीही घेत नाहीत. डॉक्टरांना बीपी १७० दिसतं, ते डोस वाढवतात. घरी येऊन माणूस तो वाढीव डोस नेमाने घेतो, चार दिवसांत उठता-बसता चक्कर येते आणि "ही गोळी मला सोसत नाही" म्हणून सगळंच बंद. उपाशीपोटी तपासणी असली तरी बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर सहसा चालते. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आणि त्या दिवशी गोळी घेतली नसेल, तर पट्टा बांधण्याआधी तसं सांगा.

पायरी २ : असं विचारा की खरं उत्तर येईल

"गोळी घेता ना?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, "हो". तो प्रश्न म्हणजे उलटतपासणी वाटते. मी काउंटरवर आता असं विचारते: "काका, रोजची गोळी म्हटली की एखादा दिवस राहतोच. गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली?" राहणं आधीच मान्य केलं की माणूस मोकळा होतो. "दोन-तीन दिवस... म्हणजे गावाला गेलो होतो ना."

मग दुसरा प्रश्न: "ही गोळी घेतल्यावर अंगात काही वेगळं वाटतं का?" आणि तिसरा, सगळ्यांत कामाचा: "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, ही गोळी लागते का तुम्हाला?" हा विचारून गप्प बसा. मध्ये बोलू नका. एक मावशी पुरतं मिनिटभर पिशवीच्या बंदाशी चाळा करत उभ्या होत्या, मग म्हणाल्या, "माझ्या जावेची किडनी गेली. ती पण हीच गोळी घ्यायची." ते ऐकलं नसतं तर मी त्यांना वर्षभर गजर लावायला सांगत राहिले असते.

उत्तर काहीही आलं तरी पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंत" हेच असू द्या. रागावलात की पुढची गोळी चंचीत जाईल.

पायरी ३ : कारण ओळखा

"मला काही त्रासच नाही." हे सगळ्यांत मोठं कारण. ताप अंगाला कळतो, दाढ कळते, बीपी बहुतेकांना कळत नाही. तरी प्रत्येकाला वाटतं, आपल्याला ते कळतं. डोकं जड झालं, मान आखडली की "बीपी वाढलं" आणि दुकानात येऊन "दोन गोळ्या कापून द्या". डोकं उतरलं की गोळी बंद. डोकेदुखीचं औषध असावं तसं बीपीचं औषध वापरलं जातं. दरम्यान मेंदूतल्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्याच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांवर रोजचा ताण चालूच राहतो आणि त्याचा आवाज होत नाही.

यात आणखी एक फसगत आहे. अॅम्लोडिपिन शरीरात हळू उतरतं, त्याचं निम्मं प्रमाण जायलाच तीस ते पन्नास तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर दोन-तीन दिवस बीपी फारसं हलत नाही. माणूस म्हणतो, "बघा, काही झालं का?" त्याच्या हाती पुरावाच आला. चढायला लागतं ते नंतर, आणि तेव्हा कोण मोजतंय?

"आता नॉर्मल आलंय." डॉक्टर "बीपी नॉर्मल आहे" म्हणतात, रुग्णाला ऐकू येतं "तुम्ही बरे झालात". मी सांगते, दुधाचं पातेलं उतू जात नाही, कारण आच मंद ठेवलीय. आच मोठी केली की ते उतू जाणारच, दूध तेच आहे. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं सुरू झालं, तर डोस कमी होऊ शकतो, काहींची गोळी बंदही होते. पण ते बीपीचे आकडे बघून डॉक्टरांनी ठरवायचं.

"एकदा चालू केली की मागे लागते", "किडनी जाते". या गोळ्यांची सवय किंवा व्यसन लागत नाही. बऱ्याच जणांना त्या दीर्घकाळ लागतात, कारण बीपीच दीर्घकाळ राहतं. किडनीचं म्हणाल तर न आवरलेलं बीपी हाच तिचा मोठा शत्रू. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या औषधांबरोबर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम अधूनमधून तपासावं लागतं, हेही खरं. ते लपवू नका. "काही होत नाही हो" म्हणण्यापेक्षा "तपासणी करत राहू" हे जास्त पटतं. जाऊबाईंची किडनी गेली त्या मावशींना मी हेच सांगितलं आणि तपासणी केव्हा करायची ती तारीख पाकिटावर लिहून दिली.

"उष्ण पडते" म्हणणाऱ्यांना हसू नका. विचारा, उष्ण म्हणजे नेमकं काय? तोंड येतं, पित्त होतं, पाय जळजळतात? त्या शब्दाआड खरा त्रास असतो आणि डॉक्टरांना सांगण्यासारखा असतो. लसूण, मेथी, अर्जुनाचा काढा घेत असतील तर तेही सांगायला लावा. काढ्यासाठी गोळी थांबवायची नाही, एवढी एकच अट घाला.

पायरी ४ : त्रास होत असेल तर गोळी बदला, सोडू नका

पायाला सूज ही अॅम्लोडिपिनची ओळखीची गोष्ट आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. डोस कमी करतात, टेल्मिसार्टनची जोड देतात किंवा औषधच बदलतात. अण्णांना दुसरी गोळी दिली आणि सूज गेली. एवढंसंच होतं ते. अर्थात नवीन सूज दिसली की ती गोळीचीच असं गृहीत धरू नका, हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते. डॉक्टरांना पाय दाखवा.

रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. रात्ररात्र ढास लागते, लोक कफाची औषधं पीत बसतात. गोळी बदलली की खोकला जातो. लघवीची गोळी असेल तर सकाळी घ्या, नाहीतर रात्री तीनदा उठावं लागेल आणि अंधारात पडण्याची भीती. ज्यांना दिवसभर एसटीने प्रवास करायचा असतो, विशेषतः बायका, त्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने ही गोळी टाळतात. हे डॉक्टरांना कधीच कळत नाही, तुम्ही सांगा. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन असेल तर ती एकदम बंद करू नका, बीपी आणि नाडी उसळी घेऊ शकते.

आणि एक कारण घरात कुणीच बोलत नाही. पुरुष गिऱ्हाईक दुकान रिकामं होईपर्यंत थांबतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, या गोळीनं... अशक्तपणा येतो का?" लैंगिक अडचण काही गोळ्यांनी येऊ शकते, नुसत्या बीपीने आणि साखरेनेही येते. लाजू नका. त्यासाठी पर्याय असतात. गुपचूप गोळी सोडणं हा त्यातला नाही.

जाता जाता: गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर बीपी त्यानेही वाढतं. मग "गोळी लागूच पडत नाही" म्हणून बीपीचीच गोळी बंद होते.

मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल आणि दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात त्या गोळ्या चालत नाहीत.

पायरी ५ : पैसे आणि पुरवठा

"पुढच्या आठवड्यात नेतो" याचा अर्थ पुष्कळदा "या आठवड्यात पैसे नाहीत" असा असतो. घरातली बाई तर आपली गोळी सगळ्यांत शेवटी आणते. मुलांची फी, नवऱ्याची साखरेची गोळी, मग उरलं तर स्वतःचं. तिला विचारल्याशिवाय ती सांगणार नाही.

उपाय जवळपास आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रांत बीपीच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. २०१७ च्या नोव्हेंबरात इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा बीपी आटोक्यात ठेवण्याचा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात फार मोठं नवं तंत्र नव्हतं. औषधं मोजकी आणि ठरलेली, एका वेळी तीस दिवसांचा साठा, तपासणी घराजवळ, आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. घरीही नेमकं हेच करायचं आहे. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पुढच्या आणायच्या आणि चुकलं तर कुणीतरी विचारायचं.

जनऔषधी केंद्रांत हीच औषधं पुष्कळ स्वस्त पडतात. एक सांभाळा: दुकान बदललं की पाकिटावरचं नाव आणि गोळीचा रंग बदलतो. एका आजोबांकडे तीन नावांची तीन पाकिटं होती, तिन्हींत टेल्मिसार्टन. ते तिन्ही घेत होते. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, त्याखाली पेनने रेघ मारा. जुनं पाकीट संपल्याशिवाय नवं डब्यात ठेवू नका.

बीड भागातून ऊसतोडीला जाणारी माणसं पाच-सहा महिने घराबाहेर असतात. निघण्याआधी जास्त दिवसांचा साठा मागा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तो दाखवा. पुढची गोळी तिथूनही मिळू शकते.

पायरी ६ : दिवसातली एक पक्की खुंटी शोधा

सकाळी की रात्री? हा वाद सोडून द्या. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर टाइम नावाचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सकाळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराच्या झटक्यात, लकव्यात, मृत्यूंत फरक दिसला नाही. म्हणजे डॉक्टरांनी मुद्दाम वेळ ठरवून दिली नसेल, तर जी वेळ चुकत नाही ती चांगली वेळ.

रोज न चुकणारं काम शोधा. कुणाचा पहिला चहा, कुणाचं तुळशीला पाणी, कुणाची रात्रीची मालिका. गोळी त्या जागी ठेवा, कपाटात नको. अण्णांची गोळी दात घासायच्या मगाशेजारी असते. पाकिटाच्या पाठीमागे स्केचपेनने वार लिहा: सोम, मंगळ, बुध. "आज घेतली का?" हा प्रश्न मग डोक्याला विचारावा लागत नाही, पाकीटच सांगतं. सात खणांची डबी चांगली, पण टेल्मिसार्टन आधी सोलून तिच्यात भरू नका. ती दमट हवेत खराब होते. पाकीट कात्रीने कापा आणि गोळी वेष्टनासकट खणात टाका.

तीन वेगळ्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारा, "यांची मिळून एक होते का?" बऱ्याचदा होते. तीनाची एक झाली की घेणंही सोपं होतं.

गोळी राहिली तर? त्याच दिवशी आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवली तर त्या दिवसाची एकच घ्या. दोन एकदम कधीही नको.

पायरी ७ : घरी मोजा, पण नीट

आकडा डोळ्यांनी दिसला की गोळीवर विश्वास बसतो. मनगटाचं नको, दंडावर बांधायचं यंत्र घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, धावपळ नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या, वहीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली असावी.

दिवसातून आठ वेळा मोजणाऱ्यांचं बीपी काळजीनेच वाढतं. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पुरे.

आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखतंय, धाप लागलीय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही किंवा शब्द अडखळतोय, तर दुसरा रीडिंग घेत बसू नका. १०८ ला फोन करा. जिभेखाली गोळी ठेवून घरीच वाट बघू नका. अण्णांच्या वेळी आम्ही "झोपून उठल्यावर बघू" म्हणालो आणि दोन तास घालवले.

पायरी ८ : वेळापत्रक मोडतं ते दिवस

उपवास, लग्न, वारी, आजारपण. एकादशीला, नवरात्रात "अन्न नाही तर गोळी कशी?" असं वाटतं. बीपीच्या बहुतेक गोळ्या उपाशीपोटीही चालतात आणि घोटभर पाण्याने उपवास मोडतो असं मला भेटलेल्या कुठल्याच गुरुजींनी म्हटलेलं नाही. निर्जळी असेल किंवा रोजे असतील तर वेळ आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. उपवासाचे वेफर्स आणि लोणचं मात्र बघा, मीठ तिथून येतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी.

वारीला जाणाऱ्यांनी गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, अर्ध्या कमरेच्या पिशवीत, अर्ध्या दिंडीच्या ट्रकमधल्या सामानात. पिशवी हरवते, ट्रक पुढे जातो.

जुलाब-उलट्या लागल्या, खाणंपिणं बंद झालं, उभं राहिलं की अंधारी येते, तर लघवीची गोळी किंवा टेल्मिसार्टन घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवतात. पुन्हा कधी सुरू करायच्या, हेही त्याच फोनवर विचारा. आजारपणात थांबवलेली गोळी पुढे कायमचीच थांबलेली मी अनेकदा पाहिली आहे.

अण्णांची चंची अजून तीच आहे. आतल्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद असतो, मी मोठ्या अक्षरांत लिहिलेला: औषधांची मूळ नावं, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कोणत्या गोळीने पाय सुजले होते, माझा नंबर. कागदाच्या मागे अण्णा स्वतः डाव्या हाताने रोज एक रेघ ओढतात. परवा दोन रेघा कमी दिसल्या. विचारलं, तर म्हणाले, "मंगळवारी आणि बुधवारी घेतली नाही. पोट बिघडलं होतं. डॉक्टरांनाच फोन केला होता मी."